युरोपातील करभाराची तुलना

वर्षभरात जमा झालेले सर्व कर आणि सामाजिक सुरक्षेच्या वर्गण्या (निवृत्तिवेतन, आरोग्य अशा सोयींसाठी कामगार व मालक यांच्याकडून घेतलेल्या रकमा) यांची बेरीज जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वार्षिक एकूण उत्पादनाच्या, किती टक्के भरते, यावरून देशाचा करभार मोजतात. युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट याच्या हिशेबाने २०२३ मध्ये युरोपीय संघाचा करभार ४० टक्के होता. संघात फ्रान्स ४५.६ टक्क्यांसह सर्वांत वर, तर आयर्लंड २२.७ टक्क्यांसह तळाला होता.

आयर्लंडचा आकडा जसाच्या तसा वापरू नये. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा नफा आणि बौद्धिक संपदा तिथे नोंदवली जात असल्याने जीडीपी फुगतो. २०१५ मध्ये तो वर्षभरात सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणून तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७ पासून हा फुगवटा वगळणारे ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ हे माप आणले. ते जीडीपीच्या तीन-पंचमांशाहूनही थोडे कमी भरते. त्याने भागले की करभार ४० टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे संघाच्या सरासरीजवळ.

बेरजेत काय धरले आहे, हेही तपासावे लागते. डेन्मार्कमध्ये वर्गण्या नाममात्र असून खर्च करांतून भागतो. त्यामुळे नुसता प्राप्तिकर ताडून पाहिला तर तो देश अवास्तव जाचक वाटतो. स्वित्झर्लंडमध्ये आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण हप्ता विमा कंपनीकडे जातो आणि करात मोजला जात नाही.

कराचे ओझे कुणाच्या नावावर लिहिले जाते, यावरूनही फसगत होते. रोमानियाने जानेवारी २०१८ मध्ये मालकाच्या बहुतेक वर्गण्या कामगाराच्या नावावर टाकल्या आणि प्राप्तिकर १६ वरून १० टक्क्यांवर आणला. वजावटी सोडून हिशेब असा: आधी १०० लेऊ (रोमानियाचे चलन) पगारातून १६.५ लेऊ वर्गणी आणि उरलेल्यावर १६ टक्के कर जाऊन हातात सुमारे ७० लेऊ पडत. नंतर तेच ७० लेऊ पडायला पगार १२० लेऊ दाखवावा लागला, कारण वर्गणी ३५ टक्के झाली. मालकाचा एकूण खर्च (पगार अधिक त्याच्या वाट्याच्या वर्गण्या) मात्र दोन्ही वेळा १२३ लेऊच्या आसपासच राहिला. कागदावरच्या पगारवाढीला खरी वाढ समजण्याची चूक इथे सहज होते.

कल पाहताना स्रोत बदलू नये. २०२३ साठी फ्रान्सचा आकडा ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेकडे ४३.८ टक्के आहे, युरोस्टॅटपेक्षा जवळपास दोन टक्केबिंदूंनी कमी. युरोस्टॅट प्रत्यक्ष न भरलेल्या, पण भरल्या असे मानलेल्या वर्गण्याही धरते, हे त्याचे एक कारण. शिवाय जीडीपी सुधारला की मागच्या वर्षांचे आकडेही बदलतात. जुन्या तक्त्याला नवे वर्ष जोडू नये, सगळी मालिका नव्याने घ्यावी.