घटना दाखवायची की नाही? किशोरवयीन आघातावरील लघुपटांची पार्श्वभूमी

घटना आधीच घडून गेलेली, पात्र फारसे बोलत नाही आणि कॅमेरा चेहऱ्याला चिकटलेला. मानसिक आघात सोसलेल्या किशोरवयीन मुलामुलींवरच्या लघुपटांचा हा साचा फार जुना नाही. १९२३ मध्ये १६ मिमी फिल्म आली आणि १९४०-५० च्या दशकांत अमेरिकी शाळांत वर्तनाचे धडे देणाऱ्या छोट्या फिल्म दाखवल्या जाऊ लागल्या. ४०० फुटांचे रीळ साधारण ११ मिनिटे चालते. तेवढ्यात मुलगा बिघडायचा, त्याला समज मिळायची आणि तो सुधारायचा. बिघडण्यामागे त्याने काही सोसलेले असेल, हा विचार क्वचितच.

१९८० मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणाव विकृतीची (पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासाची) नोंद झाली, ती मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे. मुलांची लक्षणे वेगळी दिसतात, हे पुढच्या आवृत्त्यांत हळूहळू आले. २०१३ च्या आवृत्तीत बेपर्वा, स्वतःचा घात करणाऱ्या वागण्याची भर पडली. पटकथेला ती फार उपयोगी ठरली, कारण रडणाऱ्या मुलीइतकाच वर्गात उद्धटपणा करणारा मुलगाही आता या विषयात बसू लागला. निदानासाठी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकावी लागतात. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होणाऱ्या अनेक पटकथा इथे फसतात.

२००८ मध्ये फोटोच्या कॅमेऱ्यांत एचडी व्हिडिओ आला आणि तीन-चार जणांच्या चमूला मोठ्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर) चित्रण परवडू लागले. चेहरा स्पष्ट, बाकी सारे धूसर ही ‘अंतर्मुख’ शैली बरीचशी उघड्या अॅपर्चरची, म्हणजे लेन्सच्या मोठ्या उघडलेल्या छिद्राची देणगी आहे. नट वीतभर पुढे झुकला तरी फोकस सुटतो, म्हणून पात्रे बसूनच राहतात.

घटना दाखवायची की नाही, हा खरा वाद २०१७ चा. मार्चअखेर आलेल्या एका अमेरिकी मालिकेत शाळकरी मुलीच्या आत्महत्येचा सुमारे तीन मिनिटांचा प्रसंग होता. भीषणता लपवली नाही तर कोणाला मोह होणार नाही, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. आधीच खचलेल्या मुलांत अनुकरण वाढेल, असे मानसोपचारतज्ज्ञांचे. जुलै २०१९ मध्ये प्रसंग काढून टाकला गेला. त्याआधी काही महिने एका अभ्यासात मालिकेनंतरच्या एप्रिलमध्ये १० ते १७ वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण २८.९ टक्क्यांनी वाढल्याचे म्हटले होते. पुढच्या वर्षी त्याच आकडेवारीच्या फेरविश्लेषणाने त्या निष्कर्षावर प्रश्नचिन्ह लावले. पुरावा दोन्ही बाजू सांगतात तेवढा पक्का नाही. तरी २०१९ मध्येच चित्रपटकर्मींसाठी निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने कृती आणि पद्धत न दाखवण्याचाच सल्ला दिला.

लघुपटापुरते बोलायचे तर पुराव्याची वाट पाहायची गरजच नाही. एक पान म्हणजे एक मिनिट या हिशेबाने १५ पानांच्या पटकथेत दोन पानांचा फ्लॅशबॅक आला, की ‘काय झाले होते’ याचे उत्तर मिळते आणि उरलेली पाने निव्वळ खुलासा बनतात. शिवाय आघाताची आठवण बहुधा तुकड्यांनी येते, एखाद्या आवाजातून, वासातून. आदि-मध्य-अंत असलेला, रंग फिकट केलेला, कानात शिट्टी वाजवणारा फ्लॅशबॅक म्हणून खोटा वाटतो. त्याऐवजी ट्रिगरचा, म्हणजे आठवण जागी करणारा आवाज, समजा कडी सरकल्याचा, आधी दोनदा सहज ऐकवावा आणि तिसऱ्यांदा प्रतिक्रिया दाखवावी. मिक्सिंगमध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) तो आवाज वाढवायचा मोह टाळून भोवतालचे आवाज कमी करावेत. त्यासाठी प्रत्येक जागेचा नुसता शांत आवाज किमान ३० सेकंद वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असावा. तो नसेल तर संकलनात खड्डे ऐकू येतात.

न दाखवण्याचाही गैरवापर होतो. घटना शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवणारे लघुपट आघाताचे कोडे करतात, आणि ते दाखवण्यापेक्षा वाईट. दाखवायचेच ठरले तर अल्पवयीन नटाची प्रतिक्रिया वेगळ्या शॉटमध्ये घेता येते. समोर हल्लेखोर असण्याची गरज नसते, नजरेसाठी स्टँडवर चिकटपट्टीची खूण पुरते.

मदतीच्या क्रमांकाची पाटी आता बहुतेक लघुपटांत दिसते. ती चित्रातच कोरली तर क्रमांक बदलल्यावर सुधारता येत नाही आणि दुसऱ्या देशात तो निरुपयोगी ठरतो. पडद्यावर फक्त सूचना ठेवून क्रमांक ऑनलाइन वर्णनात दिलेला बरा.