बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वी : ज्येष्ठ ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घर मुलाच्या नावावर करायचे आहे, असे सांगत आमच्या दस्तलेखन कार्यालयात येणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांना आम्ही प्रथम एकच प्रश्न विचारतो : ते आज द्यायचे आहे, की आपल्या पश्चात? आज द्यायचे असल्यास बक्षीसपत्र करावे लागते, पश्चात द्यायचे असल्यास मृत्युपत्र.

महाराष्ट्रात राहते घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे (स्थानिक अधिभार असल्यास तो वेगळा), त्यामुळे "स्वस्तात होतंय, उरकून टाका" असा आग्रह घरातूनच सुरू होतो. परंतु बक्षीसपत्र नोंदवले की मालकी जाते, आणि पुढे मन बदलले म्हणून ते एकट्याने रद्द करता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक असते, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच.

तरीही बक्षीसपत्रच करायचे ठरले, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार ही अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येते. अटच नसेल तर या कलमाचा आधार मिळणे कठीण होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालावरून दिसते. "पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं?" हा संकोच आम्हांस समजतो, पण सांभाळणाऱ्या मुलाला त्या एका ओळीची अडचण होत नाही.

सांभाळ होत नसल्यास 60 वर्षांवरील व्यक्तीस उपविभागीय अधिकाऱ्यांकडील निर्वाह न्यायाधिकरणात स्वतः अर्ज करता येतो. तेथे दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. माहितीसाठी 14567 ही ज्येष्ठांची आणि 15100 ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे.

आमच्याकडे मसुदा मोठ्या अक्षरांत छापून, नातेवाइकांना बाहेर बसवून, आपणांस सावकाश वाचून दाखवला जातो आणि सहीपूर्वी दोन दिवस घरी नेऊ दिला जातो. येताना सूची क्रमांक दोन (इंडेक्स-2, म्हणजे घराच्या नोंदणीकृत दस्ताचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, आधार कार्ड आणि वाचायचा चष्मा सोबत आणावा.