महासाथीत परेड: काय मोबाइलवर गेलं, काय मैदानावरच राहिलं

नागपूरजवळच्या कामठीत १८२१ पासून लष्करी छावणी आहे. गार्ड्‌स रेजिमेंटचं केंद्र तिथेच आणि शाळा-कॉलेजच्या शिक्षकांना एनसीसी अधिकारी म्हणून तयार करणारी प्रबोधिनीही तिथेच. त्यामुळे २०२० मध्ये ‘ट्रेनिंगचं काय?’ हा प्रश्न नागपूरला घरचाच होता.

तसा तो जुनाही आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांताची दाणादाण उडवली, त्याच वर्षअखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजात भारतीय कॅडेटांची लष्करी शाळा भरली. पुढे पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा तिथलेच.

शंभर वर्षांनी निवासी संस्थांचं त्या मानाने निभावलं, कारण फाटक बंद केलं की आत येणारा प्रत्येक जण मोजता येतो. पुण्याजवळच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीने (एनडीए) ३० मे २०२० चा दीक्षान्त सोहळा मैदानाऐवजी सभागृहात उरकला. १३ जूनला डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून (आयएमए) ४२३ कॅडेट मास्क लावून बाहेर पडले. आईवडिलांना प्रवेश नव्हता, खांद्यावरचे तारे प्रशिक्षकांनी आणि प्रशिक्षकांच्याच घरच्यांनी लावले.

एनसीसीचं गणित वेगळं. कॅडेट संध्याकाळी घरी जातो, म्हणजे फाटक बंद करायची सोयच नाही. दहा दिवसांचे कॅम्प थांबले. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या अ‍ॅपवर अभ्यासक्रम, टिपणं, व्हिडिओ मिळाले. नकाशावाचन, शस्त्राची माहिती, लष्करी इतिहास एवढं त्यावर भागतं.

ड्रिल मात्र भागत नाही. ‘तेज चल’ला मिनिटाला १२० पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. व्हिडिओ कॉलवर आवाज तेवढाच उशिरा पोचला की ‘थम’ चुकीच्या पायावर पडतं, आणि हुकूम देणाऱ्याला आपलं कुठे चुकलं ते कळतही नाही. स्क्वॉड समोर नसेल तर हुकूम देणं ही नुसती घोकंपट्टी. एसएसबी, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचणीतल्या कमांड टास्कचंही तेच: फळी, बल्ली (लाकडी वासा), दोर आणि हाताखाली दोन माणसं लागतातच.

नेतृत्वाचा खरा सराव त्या काळात ‘एनसीसी योगदान’ या प्रशासनाला कोरोनात हातभार लावायच्या मोहिमेत झाला, असं आमचं मत. अठरा वर्षांवरचे सीनियर कॅडेट, तेही स्वेच्छेने: रांगा लावणं, मदत वाटणं, हेल्पलाइन. कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून आणि हॉटस्पॉटपासून त्यांना दूर ठेवलं होतं.

मैदानं उघडल्यावर अडचण आली ती ‘दाहिने सज’ची, म्हणजे उजवीकडे बघून रांग सरळ करायच्या हुकमाची. एरवी उजवा हात लांब करून मूठ शेजाऱ्याच्या खांद्याला टेकवली की रांग जुळते. अंतर वाढलं की मूठ हवेतच राहते. मग नुसत्या नजरेवर रांग साधावी लागते, आणि नवख्यांची ती मधोमध हमखास वाकते.