हाफ पँटचा सूट : गोव्यातल्या एका उन्हाळी पोशाखामागची गोष्ट

एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातले तापमान ३३-३४ अंशांच्या फारसे पुढे जात नाही. त्रास असतो तो दमटपणाचा, कारण घाम वाळत नाही आणि कापड कितीही पातळ असले तरी पोटऱ्यांना चिकटते. अशा हवेत ज्यांना कोट घालणे भाग असते, त्यांच्यापैकी काहीजण आता कोट आणि गुडघ्यापर्यंतची पँट एकाच ताग्यातून शिवून मागतात. हा पोशाख समुद्रकिनाऱ्यावरून कचेरीत शिरला अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती उलटी आहे. तो आला बराकीतून आणि बँकेतून; किनाऱ्यावर तो मागाहून गेला, आणि त्याची पत गेली तीही तिथेच.

आखूड विजार आपल्याकडे परकी नव्हती; मावळ्यांचा चोळणा म्हणजे दुसरे काय होते? गोव्यात १७३६ साली धर्मन्यायासनाच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या 'इन्क्विझिशन'च्या, जाहीरनाम्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुडवें, म्हणजे धोतर, नेसण्याची मनाई केली, आणि पायांवर काय असावे हा प्रश्न तेव्हापासून केवळ हवामानाचा उरला नाही. पुढे उष्ण मुलखांतल्या ब्रिटिश फौजेने खाकी ड्रिलची, म्हणजे जाड सुती कापडाची, हाफ पँट स्वीकारली. तिला कचेरीची प्रतिष्ठा मिळाली ती अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटावर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कपड्यांचा तुटवडा पडला, तेव्हा स्थानिक बँकांनी आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांसाठी फौजी नमुन्यावरून हाफ पँट शिवून घेतल्या. त्यावर कोट, टाय आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे घालण्याचा तिथला रिवाज अजून टिकून आहे.

गोव्याचा या पोशाखाशी जवळचा संबंध आला तो मात्र पूर्व आफ्रिकेमार्गे. नैरोबी, झांझिबार, दार-ए-सलाम या शहरांत गेलेल्या गोवेकरांत कारकून आणि आचारी होते तसे शिंपीही पुष्कळ होते. तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा नित्याचा वेश म्हणजे चार खिशांचा, पट्ट्याचा सैल कोट, त्याच कापडाची हाफ पँट आणि लांब मोजे. कोट आणि पँट एकाच कापडाची असली तरच त्याला सूट म्हणायचे, हा शिंपीकामातला जुना नियम या वेशाने पुरेपूर पाळला होता.

हाच वेश १९७० च्या दशकात 'सफारी' या नावाने भारतभर पसरला, आणि इथे एक निर्णय झाला, ज्याची चर्चा व्हायला हवी तितकी झाली नाही. आपण कोट घेतला, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत आखूड केल्या, टाय काढून टाकला, पण पँट मात्र घोट्यापर्यंत लांबवली. उकाड्यावर उपाय म्हणून आलेल्या पोशाखातली निम्मी सोय शिवणाच्या टेबलावरच कापली गेली. त्यातच टेरिकॉटची, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुती कापडाची, चलती होती. इस्त्री मोडत नाही म्हणून गिऱ्हाईक खूश आणि आतून घामाने निथळलेले. १९६१ नंतर गोव्याच्या कारभारात प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांमागोमाग सफारी इथल्या कचेऱ्यांत रुळली.

पँट लांबली का, याचे उत्तर कापडात नव्हे, हुद्द्यात आहे. हाफ पँट घालत असत ते शाळकरी मुलगे, पोलीस शिपाई आणि कवायतीला जाणारे स्वयंसेवक. सातवीपर्यंत हाफ आणि आठवीत फुल, हा तर मराठी घरांतल्या मुलांचा एक अलिखित संस्कारच होता, आणि एकदा फुल पँटीत गेलेला माणूस पुन्हा हाफ पँटीत आला की तो उतरला असे मानले जाई. आफ्रिकेत जी वस्तू साहेबाची होती ती इथे हुकूम ऐकणाऱ्याची ठरली. कोट साहेबाचा आणि पँट शिपायाची अशी जोडी कोण मागणार? गंमत अशी की गोव्यातल्या घरांमधल्या जुन्या छायाचित्रांत पहिल्या कुमगाराला (चर्चमधल्या पहिल्या प्रसादग्रहणाच्या विधीला) किंवा लग्नात नटवलेले मुलगे कोट आणि हाफ पँटीत ऐटीत उभे दिसतात. मोठेपणी त्यांनाच ते लाजिरवाणे वाटू लागले.

नावांनी या गोंधळात भर घातली. पोर्तुगीज 'काल्सांव' हा शब्द कोकणीत 'कालसांव' म्हणून रुजला, 'पांव'चा पाव झाला त्याच वाटेने. मूळ शब्द ज्या काळात आला तेव्हा तो गुडघ्याशी संपणाऱ्या विजारीचा होता. आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ आखूड पँट, पोहण्याची चड्डीसुद्धा. कोकणीत मात्र कालसांव म्हणजे घोट्यापर्यंतची पँट. एकच शब्द लिस्बनमध्ये आखडला आणि मडगावात लांबला. 'बर्म्युडा'चे उलटे झाले आहे. ज्या बेटावर तो कचेरीचा पोशाख आहे त्याच्या नावाने आपण नाडी किंवा इलॅस्टिकची, फुलाफुलांची ढगळ चड्डी ओळखतो, जी किनाऱ्यावरच्या दुकानात टांगलेली असते. त्यामुळे शिंप्याकडे जाऊन 'बर्म्युडा आणि कोट' असे सांगणारा माणूस थट्टेचाच विषय होतो, आणि 'चड्डी' म्हटले तर पुढे बोलायलाच नको. त्यातल्या त्यात 'हाफ पँट, कोटाच्याच कापडाची' हे सांगणे बरे.

स्त्रियांच्या बाजूने हा पोशाख वेगळ्या वाटेने आला. १९६६ मध्ये पॅरिसला स्त्रियांसाठी पुरुषी धाटणीचा समारंभी सूट निघाला, १९७१ च्या सुमारास अगदी आखूड 'हॉट पँट्स' गाजल्या, आणि या दोहोंमधली वाट काढत पुढे चुण्या घातलेली, घेरदार, गुडघ्यालगतची पँट ब्लेझरखाली आली. पुरुषांकडे त्याची जगभर चर्चा झाली ती २०१४ च्या ऑस्कर सोहळ्यात, जेव्हा एक अमेरिकी गायक टक्सिडोच्या कोटाखाली हाफ पँट घालून आला.

गोव्यात काही देवस्थानांनी आखूड कपड्यांवर निर्बंध घातले आहेत आणि फलक मुख्यतः पर्यटकांसाठी आहेत. देवस्थानाला तो अधिकार आहे. मात्र तोच न्याय कचेऱ्यांनी आणि समारंभांच्या यजमानांनी उचलावा, आणि बनियनवर घातलेली नाडीची चड्डी व अस्तर लावून शिवलेला सूट एकाच मापाने मोजावा, हे पटण्यासारखे नाही.

शिवणाऱ्यांपुढची अडचणही या इतिहासातूनच आली आहे. सफारी आणि फुल पँटीवर हात बसलेला कारागीर फुल पँटीचाच कट घेऊन गुडघ्यावर कापतो, आणि मग मांडीपाशी ताणलेली, मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाला, भलतीच पडणारी पँट हाती येते. हाफ पँटीचे आसन (बैठकीचा भाग) आणि मोहरी स्वतंत्र आखावी लागते. लांबी गुडघ्याच्या वर फार तर तीन इंच, आणि माप उभ्याने घेतल्यावर खुर्चीवर बसवूनही घ्यावे, कारण बसल्यावर पँट वर सरकते. लिनन आटते, म्हणून ते कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवणे भाग आहे. कोटाला पूर्ण अस्तर नको. खांदे आणि बाह्यांपुरते पुरे, बाकीच्या शिवणी आतून उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्टीने झाकल्या की कोट उघडला तरी उघड्या कडा दिसत नाहीत. कोटाला ताठपणा देण्यासाठी आतून चिकटवलेले फ्यूजिंग इथल्या दमट हवेत आणि धुण्यात फुगण्याची भीती असते, त्यापेक्षा हाताने टाचलेले कॅनव्हास बरे, मजुरी थोडी वाढली तरी. आणि पँटीच्या खालच्या दुमडीत दीड-दोन इंच माया (राखीव कापड) ठेवायला सांगावी, म्हणजे पहिल्या धुण्यानंतर लांबी सोडता येते.