धडा पाठ असतो, तरीही

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. साताऱ्यातल्या आमच्या शाळेत तो ‘घरी वाचा’ म्हणून सुटला. भाच्याच्या वर्गात बाईंनी नीट शिकवला, पोरांना मार्कही पडले. वागणं मात्र होतं तसंच. ‘शिकवल्याने पोरं बिघडतात’ म्हणणारेही आहेत. 2007 मध्ये महाराष्ट्रात शाळांतलं लैंगिक शिक्षण बंदच केलं होतं. लैंगिक शिक्षणाने संबंध लवकर सुरू होत नाहीत, हे देशोदेशीच्या अभ्यासांत दिसलंय. पण माहिती दिली की पोरं शहाणी होतात, ही समजूतही भाबडीच.

कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात ट्रिपल सीट पोरं दिसतात. वळणावर वेग कमी करावा हे त्यांना ठाऊक नसतं का? फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी असाच प्रश्न चक्क मेंदू टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये घातला. 2011 चा हा प्रयोग माझा फार लाडका. स्कॅनरमध्ये पडून गाडीचा गेम खेळायचा. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं किंवा दामटायचं. थांबलं तर वेळ जातो, दामटलं तर आदळायची भीती. एकदा एकट्याने, एकदा शेजारच्या खोलीतून मित्र बघत असताना. मित्र बघताहेत म्हटल्यावर 14 ते 18 वयाच्या मुलांनी जास्त सिग्नल तोडले. चोविशी ओलांडलेल्यांना काही फरक पडला नाही.

मेंदूच्या तळाकडे व्हेंट्रल स्ट्रायटम नावाचा भाग असतो. बक्षिसाची चाहूल लागली की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या जोरावर तो चेततो. या मुलांमध्ये तो मित्रांच्या नुसत्या नजरेनेच जास्त चेतला. त्याला आवरणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पंचविशीपर्यंत घडतच असतो: चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढतं, बिनकामाच्या जोडण्या छाटल्या जातात. निवांत बसवून विचारलं तर सोळा वर्षांचा मुलगा धोका मोठ्यांसारखाच ओळखतो. परीक्षेचा पेपर तो असाच निवांत लिहितो. निर्णयाची वेळ येते ती भलत्याच, मित्रांसमोर चेतलेल्या मेंदूवर.



लैंगिक शिक्षणाच्या ज्या कार्यक्रमांनी वागण्यात थोडाफार फरक पडला, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ‘नाही’ कसं म्हणायचं याचा सराव मोठ्याने बोलून, सगळ्यांसमोर करून घेतला होता. आपल्याकडे मुलांना मैदानावर पाठवून फक्त मुलींना माहिती देतात. आणि पुढे कधी कंडोम घ्यायची वेळ आलीच, तर पेठेतला मेडिकलवाला वडिलांच्या वर्गातला निघतो.