जावास्क्रिप्टची टूल्स आली कुठून?

वेबपानांना हलतं-बोलतं करणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. आज ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की कन्सोल, म्हणजे कोडचे संदेश दाखवणारा कप्पा, उघडतो आणि चूक कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे ते लाल अक्षरांत समोर येतं. २००० च्या आसपास हे सगळं काम एकटा अलर्ट, म्हणजे संदेशाची चौकट उघडणारी आज्ञा, करायचा. संशय येईल तिथे अलर्ट टाकायचा, पान रिफ्रेश करायचं आणि उगवलेल्या चौकटीत काय लिहून येतं ते बघायचं. ऑब्जेक्ट (माहितीचा गठ्ठा) दाखव म्हटलं तर चौकटीत नुसतं ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’. आत काय दडलंय याचा पत्ता नाही. आणि तो अलर्ट चुकून लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये, राहिला की संपलंच! ओके दाबून दाबून बोट दुखायचं, शेवटी टास्क मॅनेजरमधून अख्खा ब्राउझरच बंद करावा लागायचा.

अशी आबाळ होण्याचं कारण जावास्क्रिप्ट भाषेच्या जन्मात आहे. मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना १० दिवसांत उभा केला. आधी नाव होतं मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरमध्ये जावा या वेगळ्याच भाषेची चलती बघून जावास्क्रिप्ट. फॉर्म रिकामा तर नाही ना ते तपासावं, माउस नेला की चित्र बदलावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. चार ओळींच्या कोडला डीबगर, म्हणजे चुका शोधायचं टूल, कशाला हवा, असा तेव्हाचा सूर. मोझिलाचा वेंकमन नावाचा डीबगर होता, पण तो फार थोड्यांनी वापरला.

पहिलं गाजलेलं टूल मात्र चुका शोधणारं नव्हतं, कोड लिहिण्याच्या सवयींवरून कान उपटणारं होतं. डग्लस क्रॉकफर्ड यांचं जेएसलिंट २००२ चं. सी भाषेसाठी बेल लॅब्समध्ये ‘लिंट’ नावाचा प्रोग्रॅम होता, त्यावरून हे नाव. जेएसलिंटच्या तक्रारीतलं तथ्य एका उदाहरणावरून कळेल. ‘रिटर्न’ लिहून कंस पुढच्या ओळीवर उघडला, तर जावास्क्रिप्ट ‘रिटर्न’पाशीच परस्पर अर्धविराम मानते आणि फंक्शन तुमचा ऑब्जेक्ट न देता ‘अनडिफाइन्ड’ देऊन मोकळं होतं. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. जेएसलिंट असल्या जागा पकडायचं, पण त्याच दमात क्रॉकफर्ड यांच्या वैयक्तिक आवडीनिवडीही लादायचं. त्या जाचातूनच २०११ मध्ये जेएसहिंट फुटून निघालं, आणि २०१३ मध्ये निकोलस झाकास यांनी ईएसलिंट आणलं, ज्यात नियम ज्याचे त्याने ठरवायचे. माझ्या मते ईएसलिंट टिकलं ते याच एका गोष्टीमुळे.

मधल्या काळात सगळं बदललं होतं. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गुगल मॅप्स, आणि त्याच वर्षी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव पडलं. पान रिफ्रेश न होता मागच्या मागे सर्व्हरशी बोलणं सुरू झालं, आणि तिथे काय चाललंय ते अलर्ट काय दाखवणार? जानेवारी २००६ मध्ये जो हेविट यांनी फायरबग आणला. फायरफॉक्सचं एक छोटंसं एक्स्टेन्शन. पानावरच्या कुठल्याही भागावर बोट ठेवा, त्याचं एचटीएमएल (रचना) आणि सीएसएस (सजावट) बघा, तिथल्या तिथे बदला. नेटवर्कवरून काय गेलं आणि काय आलं तेही बघा. कोडमधून कन्सोलवर नोंद टाकणारं कन्सोल-लॉग लिहायची सवय जगाला लावली ती त्यानेच. पुढे प्रत्येक ब्राउझरने हेच आपल्या पोटात घेतलं. त्यातही इंटरनेट एक्सप्लोररची तऱ्हा न्यारी: आवृत्ती ८ आणि ९ मध्ये डेव्हलपर टूल्स उघडल्याशिवाय ‘कन्सोल’ ही वस्तू अस्तित्वातच यायची नाही. म्हणजे कोडमध्ये एक लॉग विसरला की वापरणाऱ्याकडे पान मोडणार, आणि तपासायला टूल्स उघडली की पान ठणठणीत. २०१७ मध्ये फायरबगचं काम थांबलं. सगळ्यांच्या घरात तो आधीच शिरलेला होता.

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम ब्राउझर व्ही-८ या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनासह आला आणि भाषेचा वेग दिसू लागला. मग लोकांना खोड्या सुचल्या. २००९ च्या क्रोम एक्सपेरिमेंट्स या प्रयोगांच्या संग्रहात मिस्टर डूब यांचा रंगीत चेंडूंचा खेळ होता. ब्राउझरची खिडकीच धरून हलवायची, की आतले चेंडू धडपडायचे. उपयोग शून्य, पण त्याच माणसाने २०१० मध्ये थ्री-डी चित्रांसाठीचं थ्री-जेएस प्रसिद्ध केलं, आणि आज वेबवरचं थ्री-डी बहुतांशी त्यावर चालतं. २०११ मध्ये फाब्रिस बेलार यांनी जावास्क्रिप्टमध्ये पीसीचा एम्युलेटर (नकली संगणक) लिहून ब्राउझरच्या टॅबमध्ये चक्क लिनक्स सुरू करून दाखवलं. सी-प्लस-प्लसचा कोड ब्राउझरमध्ये चालवायचे प्रयोगही सुरू होतेच. त्यातून २०१३ मध्ये एएसएम-जेएस आणि २०१७ मध्ये वेबअसेंब्ली ब्राउझरांत आली. असले तुकडे लिहून लगेच दाखवायला जेएस-बिन, जेएस-फिडल, कोडपेन या साइट्स होत्याच.

२००९ मध्ये रायन डाल यांनी ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणल्यावर टूल्सही जावास्क्रिप्टमध्येच लिहिली जाऊ लागली, आणि कोड ब्राउझरसाठी तयार करणाऱ्या ग्रंट, गल्प, वेबपॅक, बेबल अशा टूल्सची रांग लागली. एनपीएम या पॅकेजांच्या (तयार कोडच्या) सामायिक कोठारामुळे कोणाचाही कोड एका ओळीत आपल्या प्रकल्पात येऊ लागला. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं, तेव्हा त्यावर टेकलेले किती बिल्ड (कोडची अंतिम जुळणी) पडले ते आठवतं ना? शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं फंक्शन ते, बाकी काही नाही.

रांग वाढली तसे बिल्डही रेंगाळू लागले. सेव्ह करायचं आणि चहा होईपर्यंत थांबायचं. २०२० मध्ये इव्हान वॉलेस यांनी गो भाषेत ईएसबिल्ड लिहिलं आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. हे तेच वॉलेस, ज्यांचा वेबजीएलमधला (ब्राउझरमध्ये थ्री-डी काढायची सोय) पाण्याचा डेमो डेव्हलपर एकमेकांना दाखवत असत: टाइल्स लावलेला हौद, त्यात एक गोळा, आणि माउस फिरवला की तळाशी हलणारी उन्हाची जाळी.