विमा कंपनी तुमची माहिती कुणाला देऊ शकते, आणि नको तिथे ती थांबवण्यासाठी अर्ज कसा करायचा

‘माझी कोणतीही माहिती कुणालाही देऊ नये’ असा एका ओळीचा अर्ज विमा कंपनीला पाठवला, की उत्तरही एका ओळीत येते : पॉलिसी चालवण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती दिली जाते. पत्रव्यवहार तिथेच संपतो आणि फोन येतच राहतात. चूक अर्जात असते. विमा कंपनीतून माहिती बाहेर जाण्याच्या वाटा तीन आहेत. एक पॉलिसी चालवण्याची, दुसरी कायद्याने भाग पाडलेली आणि तिसरी विक्रीची. पहिली बंद केली तर पॉलिसीच अडते. दुसरी बंद करणे तुमच्या हातात नाही. तिसरी मात्र केवळ तुमच्या संमतीवर चालते, म्हणून थांबवण्याचा अर्ज तिच्यापुरताच करायचा. पहिलीबाबत फक्त ‘कुणाला दिली’ हे विचारायचे.

पॉलिसी चालवण्यासाठी

कॅशलेस उपचार घ्यायचे तर रुग्णालय, टीपीए (कंपनीच्या वतीने आरोग्य दावे हाताळणारी संस्था) आणि कंपनी यांच्यात आजाराचे निदान, तपासण्यांचे अहवाल आणि बिले फिरणारच. मोटार किंवा मालमत्तेच्या दाव्यात नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला कागद द्यावे लागतात. मोठ्या रकमेच्या आयुर्विम्यात जोखमीचा वाटा पुनर्विमा कंपनी उचलते, त्यामुळे वैद्यकीय तपशील तिच्यापर्यंत जाऊ शकतात. आरोग्य पॉलिसी पोर्ट करताना जुनी कंपनी नव्या कंपनीला दाव्यांचा इतिहास कळवते. पॉलिसी कर्जासाठी बँकेच्या नावे असाइन केली असेल, तर बँकेलाही तिची स्थिती कळते. यासाठीची संमती प्रपोजल फॉर्मच्या शेवटच्या घोषणापत्रात असते. आपण सही करतो ते पानच सहसा वाचत नाही.

समूह विम्यात गोष्ट जरा नाजूक असते. तिथे पॉलिसी मालकाच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावावर असते. सभासदांची यादी आणि दाव्यांच्या रकमा तिला नूतनीकरणासाठी लागतात, पण कोणत्या कर्मचाऱ्याला कोणता आजार झाला हे तिला कळण्याची गरज नसते. मानसोपचार, प्रसूती किंवा तशा दाव्याची कागदपत्रे एचआरमार्फत देऊ नका. टीपीएच्या ॲपवर किंवा थेट टीपीएकडे द्या. एचआरच्या मेलबॉक्समध्ये एकदा गेलेला कागद नंतर परत मागून उपयोग नाही.

कायद्याने द्यावी लागते तेव्हा

न्यायालयाचा आदेश, पोलिसांची लेखी मागणी (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४) किंवा आयकर खात्याची नोटीस आली, तर कंपनीला माहिती द्यावी लागते. तिथे तुमची संमती लागत नाही. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली संशयास्पद व्यवहार वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावे लागतात आणि तसे कळवल्याचे ग्राहकाला सांगण्यास कंपनीला मनाई आहे. केवायसी केंद्रीय नोंदणीत जाते. याच कायद्यामुळे व्यवहार संपल्यानंतरही नोंदी पाच वर्षे ठेवाव्या लागतात, म्हणून ‘पॉलिसी बंद झाली, माझे सगळे पुसून टाका’ ही मागणी फेटाळली जाते.

आता उलट बाजू. नवऱ्याच्या पॉलिसी किती, हे पोटगीच्या दाव्यासाठी पत्नीने पत्र लिहून विचारले तर कंपनी सांगणार नाही. त्यासाठी कुटुंब न्यायालयाकडून कंपनीला आदेश मिळवावा लागतो. नॉमिनीलाही विमेदार हयात असताना काही विचारण्याचा हक्क नसतो. एलआयसी किंवा सरकारी सर्वसाधारण विमा कंपनीकडे माहिती अधिकारात दहा रुपये भरून स्वतःची फाइल मागता येते, दुसऱ्याची मागितली तर त्या कायद्याचे कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद, पुढे येते. अपघातग्रस्ताला मात्र वाट मोकळी आहे : मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० नुसार भरपाई मागणाऱ्याला धडक देणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीचे नाव पोलीस किंवा आरटीओने द्यावे लागते.

अर्जाआधी एक तपासणी

कंपनीकडे तुमचा म्हणून कोणता मोबाइल आणि कोणता ईमेल नोंदला आहे ते आधी पाहा. प्रपोजल भरताना एजंटाने स्वतःचाच नंबर किंवा मेल टाकल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तसे असेल तर तुमची पॉलिसी, हप्त्याच्या सूचना आणि ओटीपी सगळे त्याच्याकडे जाते, आणि कंपनीच्या लेखी माहिती ग्राहकालाच दिलेली असते! परदेशात राहणाऱ्यांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. संपर्क बदलण्याचा अर्ज आधी द्या आणि नोंद झाल्याचा संदेश आल्यावरच पुढचा अर्ज करा. नोंदलेल्या मेलवरून आला नाही म्हणून अर्ज बाजूला पडण्याचे हेच मोठे कारण आहे.

कोण अर्ज करू शकतो, काय जोडायचे

पॉलिसीधारक स्वतः. मूल अज्ञान असेल तर पालक. विमेदार वारला असेल तर नॉमिनी किंवा कायदेशीर वारस, मृत्यूच्या दाखल्यासह. आई-वडिलांसाठी मुलगा किंवा मुलगी अर्ज करत असेल तर सहीचे अधिकारपत्र हवे, नाते सांगून भागत नाही. समूह विम्यातला कर्मचारी सभासद क्रमांक देऊन स्वतःपुरता अर्ज करू शकतो.

सोबत पॉलिसी क्रमांक आणि ओळखपत्राची एक प्रत पुरते. आधार द्यायचे तर पहिले आठ अंक झाकलेले द्या आणि प्रतीवर ‘फक्त या अर्जासाठी’ असे लिहून तारीख टाका. माहिती बाहेर गेल्याची तक्रार असेल तर कॉलची तारीख, वेळ, नंबर, संदेशांचे स्क्रीनशॉट जोडा. वैद्यकीय अहवाल जोडू नका, या अर्जाला ते लागत नाहीत.

मजकूर

अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे करा. त्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदांत आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. कस्टमर केअरला फोन करून सांगितलेले पुढे सिद्ध करता येत नाही.

‘पॉलिसी क्र. … संदर्भात : (१) माझी वैयक्तिक व आरोग्यविषयक माहिती दि. … पासून आजपर्यंत कोणत्या संस्थांना दिली, त्यांची नावे, माहितीचा प्रकार व कारण कळवावे. (२) विक्री, जाहिरात आणि इतर उत्पादने सुचवणे यांसाठीची माझी संमती मी आजपासून मागे घेत आहे. पॉलिसीची सेवा, नूतनीकरणाची सूचना आणि दावे यांसाठीची संमती कायम आहे. (३) विक्रीसाठी ज्यांना माहिती दिली असेल त्यांना हे कळवून तसे केल्याचे मला लेखी कळवावे.’

दुसऱ्या मुद्द्यातले दुसरे वाक्य गाळू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत संमती लेखी मागे घेता येते, पण मग कंपनीला ती सेवा न देण्याची मुभाही तिथेच आहे. सरसकट संमती मागे घेतली की हा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. मुद्दा एकमध्ये तारीख घाला, नाहीतर ‘मागणी मोघम आहे’ असे उत्तर येते.

याच २०११ च्या नियमांत आणखी एक खाच आहे. त्यांतले कडक संरक्षण ‘संवेदनशील’ माहितीला आहे : पासवर्ड, आर्थिक माहिती, आरोग्य, बायोमेट्रिक. नुसता मोबाइल नंबर किंवा नूतनीकरणाची तारीख त्यात बसत नाही. फुटलेली माहिती एवढीच असेल तर तक्रारीत २०११ च्या नियमांवर भर न देता विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, पॉलिसीधारक हितसंरक्षण नियमांतील गोपनीयतेच्या बंधनाचा उल्लेख करा.

फोन कुठून येतात ते ओळखणे

तक्रारीआधी फोन करणाऱ्याला नेमके काय माहीत आहे ते नोंदवा. गाडीचा नंबर आणि विमा संपण्याची तारीख एवढेच माहीत असेल, तर विमा कंपनीला दोष देणे घाईचे ठरेल. विम्याची मुदत वाहनांच्या सरकारी ॲपवर नंबर टाकून दिसते, आणि शोरूम, गॅरेज यांच्याकडेही ती असते. पॉलिसी क्रमांक, हप्त्याचा अचूक आकडा किंवा जुन्या दाव्याचा तपशील त्याने सांगितला, तर माहिती कंपनी, एजंट, ब्रोकर किंवा टीपीए यांच्यापैकी कुणाकडून तरी गेली असण्याची शक्यता मोठी. ‘बोनस अडकला आहे, सोडवण्यासाठी पैसे भरा’ असे म्हणणारा भामटाच. आयआरडीएआय कुणाला पॉलिसी विकण्यासाठी किंवा बोनस देण्यासाठी फोन करत नाही.

विम्याच्या जाहिराती थांबवण्यासाठी १९०९ वर इंग्रजी अक्षरांत ‘ब्लॉक’ आणि १ असा संदेश पाठवा. १ हा बँकिंग-विमा गट आहे. मात्र विमा तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर दर पाहताना संपर्काला होकार दिला असेल, तर ही १९०९ वरची नोंद (डीएनडी) त्याला अडवत नाही. तो होकार त्या संकेतस्थळाकडेच मागे घ्यावा लागतो.

उत्तर आले नाही तर

तक्रार निवारण अधिकाऱ्याला दोन आठवड्यांची मुदत आहे. त्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक सोबत असू द्या. विमा लोकपालाकडे धाव घेण्याआधी मात्र विचार करा : त्यांचे काम दावे, हप्ते, पॉलिसीची सेवा अशा वादांचे आहे आणि निव्वळ गोपनीयतेची तक्रार तिथे टिकणे अवघड. आरोग्य किंवा आर्थिक माहिती फुटून प्रत्यक्ष नुकसान झाले असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, ५ कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईसाठी अर्ज करता येतो. नुकसानीचे कागद नसतील तर त्या वाटेला जाऊ नये.

नव्या कायद्याने काय बदलेल

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ग्राहकाला हक्क देणाऱ्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होणार आहेत. माहिती कुणाला दिली त्यांची नावे मागण्याचा स्पष्ट हक्क त्याच्या कलम ११ मध्ये आहे. तपासासाठी सरकारी यंत्रणेने मागितलेली माहिती त्यातून वगळली आहे. तोवर मुद्दा एकला ‘टीपीए, पुनर्विमा कंपनी, सेवा पुरवठादार’ असे नुसते प्रकार सांगणारे उत्तर येऊ शकते. ते जपून ठेवा आणि तरतुदी लागू झाल्यावर त्याच पत्राचा संदर्भ देऊन नावे पुन्हा मागा.